आऱ्याची खालची मूठ

घरी सागाचं दार असलं की लोक पाहुण्याला ते थोपटून दाखवतात. मी मात्र दाराच्या मागच्या बाजूला जातो. मागे रंधा फारसा फिरवलेला नसतो. तिथे फळीवर तिरप्या, जराशा वाकड्या रेघा दिसल्या तर ती फळी हाताच्या आऱ्यानं, म्हणजे मोठ्या करवतीनं, कापलेली. कंगव्यानं ओढल्यासारख्या एकसारख्या रेघा असल्या तर यंत्राची. हाताची रेघ दिसली की मी तिच्यावरून बोट फिरवतो. घरमालकाला वाटतं, म्हातारा लाकूड पारखतो आहे. पण मी लाकूड पाहत नसतो. ती प्रत्येक रेघ खड्ड्यात उभ्या असलेल्या कुणीतरी अंगाचा सगळा भार टाकून खाली ओढलेली असते. तो माणूस कोण असेल, एवढंच मनात येतं.

या अंकासाठी जंगलातल्या लाकडाविषयी लिहा, असं मला सांगण्यात आलं. साग कसा असतो ते सांगतोच. पण सागाबरोबर दोन माणसं येतात, ती मला टाळता येत नाहीत.

मी मूल या गावाजवळच्या, तलावकाठच्या एका खेड्यातला ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा. तेव्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, हा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्याच्याच पोटात, आणि सारा मुलूख मध्य प्रदेशात. पावसाळ्यात तलावाची मासोळी, लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी, मग कापणी. धान घरात आलं आणि तलाव आटायला लागला की आमच्या हातांना काम उरत नसे. मग काही जण आरा खांद्यावर टाकून जंगलात जात. मी आणि कवडू त्यांतले. कवडू माझ्याच आळीतला, माझ्याहून थोडा मोठा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. त्याची बायको पारबता आमच्याबरोबर येई. ती स्वयंपाक करी, ओंडक्यांची साल काढी, खड्ड्यात साचलेला भुसा टोपल्यांनी उपसून बाहेर टाकी. त्यांची एक लहान पोरगी होती, ती गावी आजीजवळ राहायची.

आता काम कसं चाले ते सांगतो. माणूस उभा मावेल असा लांबट खड्डा खणायचा. त्यावर दोन जाड बल्ल्या आडव्या टाकायच्या आणि त्यांच्यावर ओंडका चढवायचा. गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून टिचकी मारली की लाल रेघ उमटते. एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खड्ड्यात. मध्ये उभा आरा, पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना मुठी. वरच्यानं आरा उचलायचा आणि रेघेवर ठेवायचा, खालच्यानं ओढायचा. आऱ्याचे दात खाली तोंड करून असतात, म्हणजे कापतो तो खालचाच. रेघ चुकली तर शिवी वरच्याला, पण कष्ट सगळे खालच्याचे. भुसाही सगळा त्याच्याच तोंडावर. मी वर असायचो, कारण माझी नजर सरळ होती. कवडू खाली, कारण त्याच्यात ताकद होती.

साग कापायला दिसतो तितका सोपा नाही. ऐन किंवा धावड्यापुढे तो मऊच म्हणायचा, पण त्याच्या अंगात रेतीसारखी काहीतरी बारीक कचकच असते, ती आऱ्याचे दात बघता बघता बोथट करते. ताजा कापला की आतून हिरवट पिवळा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं हलकं लाकूड आहे. उन्हावाऱ्यानं काही दिवसांत तो सोनेरी होतो, मग तपकिरी, आणि त्यातल्या काळ्या शिरा वर येतात. वास नव्या चामड्यासारखा. आत तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्याकडे फिरकत नाही, पाणी शिरत नाही, त्यात ठोकलेला खिळासुद्धा लवकर गंजत नाही. पण हे सगळं गाभ्याचं. सालीखालचा पांढरा भाग किडे खातात, तो काढून टाकावा लागतो. एकदा नीट वाळला की साग फुगत नाही, आटत नाही, पीळ खात नाही. म्हणून दारं, चौकटी, कपाटं, रेल्वेचे डबे, सगळीकडे त्याचीच मागणी. गाडीच्या कण्याला मात्र तो चालत नाही. तिथे धावडाच हवा. धावडा धक्का खातो, वाकतो, चिवटपणे तग धरतो. सागाला धक्का सोसत नाही. तो फाटतो, आणि फाटतो तेव्हा आधी काही सांगत नाही.

त्या वर्षी आमचा तळ एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी होता. ठेकेदार नागपूरला राही. तळावर त्याचा माणूस, त्याला सगळे दिवाणजी म्हणत. आऱ्यांना धार लावायला चांद्याचे करीमचाचा होते. पांढरी दाढी, गुडघ्यावर आरा आडवा टाकून दिवसभर कानस चालवायचे. साऱ्या तळात वयानं तेच वडील, म्हणून भांडण झालं की लोक दिवाणजीकडे न जाता त्यांच्याकडे जात.

एके सकाळी हल्ल्यांनी ओढून एक ओंडका आमच्या खड्ड्याशी आणला. हल्ले म्हणजे रेडे. एवढा जाड साग मी त्याआधी फार पाहिला नव्हता. दिवाणजी त्याच्याभोवती फिरला आणि म्हणाला की नागपूरला एका बंगल्याचं मोठं दार व्हायचं आहे, रुंद फळ्या हव्यात, अखंड काढा. कवडूनं कुऱ्हाड उलटी धरली आणि दांड्याकडच्या लोखंडानं ओंडका ठोकत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेला. चांगला साग ठोकला की खणखणीत आवाज देतो. मधल्या भागात आवाज बसका आला. कवडू परत फिरला आणि त्याच जागी पुन्हा ठोकलं.

आत गोल चीर असावी, असं तो म्हणाला. सागात असं होतं. वरून काही दिसत नाही, पण आत गाभ्याभोवती लाकूड लाकडापासून सुटलेलं असतं. असा ओंडका आधी आडवा तोडून पाहायचा, मग फळ्या काढायच्या. दिवाणजीला ते पटलं नाही. आडवा तोडला तर दाराची लांबी जाणार. मग निदान साखळी द्या, ओंडका बांधून घेऊ, असं मी म्हणालो. तळावर एकच साखळी होती आणि ती गाड्या भरायला लावली होती. दोराने बांधा, म्हणाला.

आम्ही दोराने बांधला. दोन्हीकडून, गाठी तपासून. अर्ध्याच्या पुढे आरा गेला तोवर काही झालं नाही. मी आऱ्यानं पाडलेल्या चिरेत पाचर मारत मागे मागे सरकत होतो. एकदम पायाखाली कडाड असा आवाज झाला. बंदुकीच्या बारासारखा, कोरडा. अख्खी बाजू गाभ्यापासून सुटली, दोर सुताच्या धाग्यासारखा गेला आणि तो अर्धा ओंडका बल्लीवरून गरगरत खड्ड्यात उतरला. मी बाजूला फेकला गेलो म्हणून वाचलो.

शेजारच्या खड्ड्यांवरचे लोक धावले. बल्ल्या घालून लाकूड उचललं. कवडू भानावर होता. कमरेखाली त्याचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. पारबता खड्ड्यात उतरून त्याच्या तोंडावरचा भुसा पुसत होती. त्यानं मला शोधलं, मी वाकलो, तर म्हणाला, "नथ्थ्या, आरा तं तुटला नाई ना?"

नाई तुटला, म्हणालो. आरा तुटला नव्हताच.

आज तिकडे हेमलकशाला दवाखाना आहे, सडका झाल्या आहेत. तेव्हा जवळात जवळ औषधपाणी म्हणजे आलापल्ली, आणि बैलगाडीची वाट. गाडीत पारबता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाट दगडांची, गाडी उसळली की तो कण्हायचा. मग कण्हायचा थांबला. गाडीवान बैल हाकतच राहिला, कारण त्याला मागे पाहायची हिंमत होत नव्हती. नदीच्या पात्राशी आल्यावर पारबता म्हणाली, "थांबव आता."

तिथेच नदीच्या रेतीत आम्ही त्याला जाळलं. आसपास उभं सारं जंगल सरकारचं. हात लावायची सोय नव्हती. पुरात वाहून आलेल्या आणि काठावर अडकलेल्या काटक्या, मुळं, फांद्या गोळा केल्या. अर्धं आयुष्य लाकूड कापण्यात घालवलेल्या माणसाला सरपण पुरेना. गाडीवानानं आपल्या गाडीच्या बाजूच्या दोन दांड्या काढून दिल्या. अग्नी मी दिला.

आम्ही तळावर परत आलो, कारण आमची भांडीकुंडी तिथे होती. दिवाणजी वाईट माणूस नव्हता असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हळहळ दाखवली, ठेकेदाराला कळवतो म्हणाला, आणि दुसऱ्या दमात मला सांगितलं की जोडीदार नसेल तर खड्डा रिकामा कर, दुसरी जोडी येते आहे. त्याचं बोलणं चूक नव्हतं. एकटा आरेवाला म्हणजे कोणी नाही. भर हंगामात मोकळा माणूस मिळत नाही. मी बोचकं बांधायला घेतलं.

पारबता चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "खालची मूठ मले दे, भाऊ."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं ते साधं होतं. गावात म्हातारी सासू आणि पोरगी. दोघींचं पोट या हंगामावर. आत्ता परत गेलं तर पावसाळ्यापर्यंत खायचं काय? खड्डा तिनं रोज उपसलेला, आरा रोज पाहिलेला. ओढायचा कसा हे तिला माहीत होतं. फक्त कधी ओढला नव्हता.

मी करीमचाचांकडे गेलो. ते आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला समजावू लागले. म्हणाले, "बेटी, हे काम मर्दाचं बी नाई. बैलाचं हाये."

"मंग मले बैल समजा, चाचा," ती म्हणाली.

चाचा उठले, आमचा आरा घेऊन गेले आणि दिवसभर त्याच्यावर बसले. आऱ्याचे दात एकाआड एक डावी उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे चीर रुंद होते आणि पातं अडकत नाही. ती वाकण चाचांनी कमी केली, दातही बारीक घासले. असा आरा एका ओढीला कमी लाकूड खातो, काम हळू होतं, पण ओढणाऱ्याच्या खांद्यावर भार कमी येतो. परत देताना एवढंच म्हणाले की रोज संध्याकाळी आणून देत जा.

पहिलं कोणतं लाकूड घ्यायचं, हा प्रश्न होता. खड्ड्याशेजारी तोच ओंडका दोन तुकडे होऊन पडला होता आणि दिवाणजी त्याच्याच फळ्या मागत होता. मी पारबताला म्हणालो की तो राहू दे, आपण दुसरा चढवू. तिनं त्या लाकडाकडे पाहिलं. तिथे वाळलेले डाग होते, मी त्यांवर माती टाकली होती.

"लाकडाले काय मालूम, भाऊ?" ती म्हणाली. "ज्याले मालूम होतं त्यानं कापाले लावलं."

तिनं कवडूचा गमछा तोंडाला बांधला आणि खड्ड्यात उतरली. पहिल्या दिवशी आरा माझ्याच हातात जड लागत होता, कारण खालून ओढ नीट येत नव्हती. थांबत, अडत, पुन्हा सुरू करत आम्ही एक फळी काढली. तिच्या तळहातांची साल निघाली होती. रात्री तिनं मोहाचं तेल चोपडलं आणि चिंध्या बांधल्या. सकाळी त्याच चिंध्यांवर मूठ धरली. हळूहळू तिला लय सापडली. आरा हातांनी ओढायचा नसतो, गुडघे वाकवून अंगाच्या वजनानं खाली न्यायचा असतो. हे कवडूनं मला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला सांगावं लागलं नव्हतं. ते तिनं स्वतःच शोधलं. होळीपर्यंत आमच्या फळ्या बाकीच्या खड्ड्यांच्या बरोबरीनं निघू लागल्या. त्या नागपूरच्या दाराच्या फळ्याही आम्हीच काढल्या, चिरेपासून वाचलेल्या भागातून. एकही वाकडी नव्हती. दिवाणजी आला, फळीच्या कडेवर एक डोळा मिटून पाहिलं आणि गाडीत भरायला सांगितलं.

बाकीचे आरेवाले आधी हसले, मग कुजबुजले. आमचा भात एकाच चुलीवर शिजे, तेवढं त्यांना पुरे होतं. मी करीमचाचांच्या झोपडीत झोपायला लागलो. त्यानं कुजबुज थांबली नाही, पण चाचांसमोर कोणी बोलत नसे.

सागाचा भुसा अंगाला खाजतो, घशात बसतो. खालचा माणूस वर पाहतो तेव्हा डोळे मिचकावत, तिरपं पाहतो, ती सवय लागायला वर्षं जातात. उन्हाळा लागल्यावर एक दिवस पारबता ओढता ओढता थांबली. डोळ्यात काही गेलं म्हणाली. बारीक टोकदार कुसळ होतं. चाचांनी पाणी मारमारून काढलं, पण आत जखम झाली होती. डोळा सुजला, पू आला. आलापल्लीला जाऊ, मी म्हणालो. ती वाट तिनं एकदा केली होती. जायचं नाही, म्हणाली. त्या डोळ्यावर फडकं बांधून ती दुसऱ्या डोळ्यानं काम करत राहिली. सूज उतरली तेव्हा बुबुळावर पांढरं आलं होतं. तो डोळा गेला तो गेलाच.

मृग लागायच्या आधी तळ उठला आणि आम्ही गावाला निघालो. बातमी आमच्याआधी पोहोचली होती. पोरगी आईला पाहून आजीच्या मागे लपली. डोळा पाहून घाबरली असेल. पारबतानं तिला ओढून घेतलं नाही. दारात बसून राहिली, पोरगी आपणहून येईपर्यंत.

जातीचे पंच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले. मलाही बोलावलं, तिलाही. कवडूच्या मरणाबद्दल कोणी फार विचारलं नाही. विधवा बाई परक्या माणसाबरोबर सारा हंगाम जंगलात राहिली, हा मुद्दा होता. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं रस्ताही सुचवला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. नथ्थूचं लग्न व्हायचं आहे, त्यानं पाट लावावा म्हणजे विषय संपला.

माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हो म्हणालो. ते दबावानं म्हणालो नाही. इतक्या वर्षांनी खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं असतं.

पारबता डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. म्हणाली, "सारा हंगाम खड्ड्यातून याले भाऊ म्हनून हाक मारली. आता तुमी सांगता म्हनून नवरा म्हनू? पाट लावला तं लोक म्हनतीन, पहा, आमी म्हनतच होतो. म्या आरा ओढला. दुसरं काई नाई केलं."

पंच चिडले. एकानं म्हटलं की बाईमाणसानं आरा ओढला, हे कोणाला खरं वाटेल?

तोवर मागे बसलेली तिची सासू उठली. बायजाबुढी म्हणत तिला. मुलगा गेल्याची बातमी कळल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती, सुनेशीही नाही. मला वाटलं आता ही सुनेला घालवून देणार. ती पुढे आली, पारबताचे दोन्ही हात धरले आणि पंचांसमोर उताणे केले. बोटांच्या मुळाशी, अंगठ्याच्या बेचक्यात काळे, दगडासारखे घट्टे. बुढी त्यांवरून आपला अंगठा फिरवत राहिली.

"हे माह्या पोराचे हात हायेत," ती म्हणाली. "म्या वळखले. तुमी कोनी नका सांगू मले."

तरी पंचांचं मन बदललं नाही. मी जातीला एक जेवण घातलं की मला मोकळं करणार होते. पारबतानं पाट नाकारला, म्हणून तिचं घर वाळीत. म्हणजे विहीर बंद, तलावात जाळं बंद, रोवणीला कोणी बोलावणार नाही. मी जेवण घातलं नाही. माझंही जाळं बंद झालं.

तो पावसाळा कसा काढला ते त्या तिघींनाच ठाऊक. करडू, तरोटा अशा रानभाज्या, नाल्यातले खेकडे. मी मूलच्या बाजारात हमाली करायचो, जमेल ते नेऊन द्यायचो, आणि बुढी ते दारातच घेऊन मला परत पाठवायची, कारण आत आलो असतो तर पुन्हा बोलायला विषय मिळाला असता.

धान निघाल्यावर आरेवाले जंगलाकडे निघाले. पारबताला मी विचारलं नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं. आरा खांद्यावर घेऊन मी वेशीच्या बाहेर आलो, तर वडाखाली तिघी उभ्या. पारबताच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, बुढीच्या कडेवर पोरगी. बुढी म्हणाली की ती स्वयंपाक करील, भुसा उपसील, आणि पोरीला खड्ड्याजवळ येऊ देणार नाही. आपल्या घराला आता एक चूल आणि एक खड्डा एवढंच उरलं आहे, असं म्हणून ती आमच्या पुढे चालू लागली.

त्यानंतरचे काही हंगाम आम्ही असेच काढले. आमची जोडी तळावर नावाजलेली झाली, हे मी अभिमानानं सांगतो. मोठा रुंद ओंडका आला की दिवाणजी आमच्या खड्ड्याशी पाठवी. आता तो साखळी न मागता देत असे. अखंड फळी काढणारे हात म्हणून एक दोन ठेकेदारांनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यातल्या कोणालाही आमच्या जोडीतला खालचा माणूस बाई आहे याचं नवल राहिलं नव्हतं. पण तिला खोकला लागला होता. रात्री ती झोपडीत बसून खोकायची आणि बुढी तिची पाठ चोळायची.

मग बल्लारपूरकडे आरागिरण्या वाढल्या. ट्रक जंगलात येऊ लागले, ओंडके तसेच उचलून जाऊ लागले. जंगलातले खड्डे बुजले. मला गिरणीत ओंडके पुढे सरकवायचं काम मिळालं, तिकडचंच स्थळ पाहून माझं लग्नही झालं. करीमचाचाही त्याच गिरणीत गोल पात्यांना धार लावायला लागले. पारबता मूलला एका भाताच्या गिरणीत कोंडा झाडायला लागली. तिथेही भुसा, पण निदान वरून पडत नव्हता.

एकदा मूलला गेलो असताना मी तिला भेटलो. गिरणीच्या अंगणात बसली होती, फार वाळली होती. मी यंत्राची तारीफ करत होतो. केवढा ओंडका, किती झटक्यात कापतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं खाली कोन रायते?"

खाली कोणी नसतं, म्हणालो. तिनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली, आणि पुन्हा झाडू घेतला.

ती गेली ते खोकल्यानंच. निरोप मिळाला तेव्हा मी आणि करीमचाचा बल्लारपूरहून निघालो. वाटेत जुन्या तळावरचे दोन आरेवाले भेटले, एके काळी कुजबुजणारे, तेही आले. गावात पोहोचलो तर अंगणात ती, तिच्या उशाशी बुढी आणि कोपऱ्यात पोरगी. आळीतलं कोणी नव्हतं. दारं लावलेली, फटींतून डोळे. वाळीत टाकलेल्या घरची मयत कोण उचलणार? खांदा द्यायला आम्ही चौघंच होतो. चाचा थकले होते, तरी त्यांनी बदली मागितली नाही. बदलायला होतंच कोण?

पुढे मडकं कोण धरणार, हा प्रश्न आला. मुलगा नाही, नवरा नाही, दीर नाही. मी धरतो म्हणालो, कवडूला मीच अग्नी दिला होता. बुढीनं माझ्याकडे पाहिलं. तिला कमरेत वाकल्याशिवाय चालता येत नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "तिले अग्नी मीच देईन. गावाले बोलायचं तं बोलू दे."

तिनं मडकं उचललं. पोरीचा हात धरून ती पुढे झाली, आणि आम्ही चौघं तिच्या पावलाला पाऊल जुळवत, अगदी सावकाश, तलावाच्या पाळीवरून निघालो. आळीतली दारं बंदच राहिली. बुढीनं कोणत्याही दाराकडे पाहिलं नाही.